जागृतीची कंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगून टाकते, एवढंच.

परळला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं छोटंसं प्रसूतिगृह होतं. वरळी कोळीवाड्याची चंद्राबाई — मासळी विकणारी, आली की अख्ख्या इमारतीला कळायचं — तिची सगळी बाळंतपणं माझ्याच हातची. मला ती फार आवडायची. अजूनही आवडते. तिची धाकटी, जागृती, जन्मली तीच बोंब ठोकत. चंद्राबाई खाटेवरून म्हणाली, "डॉक्टरबाय, ही पन बाजार गाजवनार! हिचं बालंतपन पन तुमीच करायचं." मी हसत हो म्हणाले.

जागृती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तोवर माझं प्रसूतिगृह आतून संपलं होतं. नर्सेस टिकत नव्हत्या, मोठ्या हॉस्पिटलांत पगार बरा. भूल देणारे डॉक्टर अवेळी यायचे म्हणजे मागतील ते द्यावं लागे. वर भाडं, विमा. फी वाढवायची, तर कुणाची? चंद्राबाईची? प्रत्येक बाळंतपणात पदरचे जात होते. तग धरून होता तो फक्त दुपारचा तपासणीचा दवाखाना.

मग सरळ सांगायचं ना — बाई गं, मला आता परवडत नाही? तेच तर. डॉक्टरला परवडत नाही, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. शिवाय चंद्राबाईला कळलं म्हणजे वरळीपासून नायगावपर्यंत कळलं. दुपारी तरी मग कोण आलं असतं?

म्हणून मी — लिहितानाही अडखळतेय — जागृतीला तपासलं, हातमोजे काढले आणि म्हटलं, तुझ्या कंबरेचं हाड अरुंद आहे. बाळ अडेल. मोठ्या हॉस्पिटलातच नाव घाल.

खोटं होतं ते. तिची कंबर उत्तम होती, आईसारखीच. पण मला असं काहीतरी सांगायचं होतं, जे सोनोग्राफीत दिसत नाही आणि दुसरा डॉक्टर चटकन खोडून काढत नाही. इतकी वर्षं शिकले, ते असं कामाला आलं.

चंद्राबाई — चंद्राबाई! — हळूच म्हणाली, "आमच्यात कोनालाच नाय असं. माझ्याच पोरीला कसं झालं?"

मोठ्या हॉस्पिटलात माझा शेरा वाचल्यावर कुणी वाट बघितली नाही. सिझर केलं. मुलगी झाली, गोड, आजीचाच आवाज घेऊन आलेली. बारशानंतर चंद्राबाई डबाभर कोळंबी घेऊन आली आणि माझे हात धरून रडली. "तुमी टायमावर सांगितलंत म्हनून माझी पोर वाचली." मी ती कोळंबी खाल्ली. चवीनं खाल्ली, हेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात जागृती दवाखान्यात आली, लेकीला घेऊन. लेक आता शाळेत जाते. टेबलावरचा माझा स्टेथोस्कोप उचलून बाहुलीला तपासत होती. इतकी लाघवी पोर, की मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. जागृती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग विचारलं तिनं, "डॉक्टर, आम्हाला दुसरं हवंय. मलापण खूप हवंय. पण माझी कंबर अशी... जिवावर बेतेल ना?"

काय लागणार होतं? एक वाक्य. ते अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण मग पहिल्या वेळचं विचारलं असतं तिनं, आणि तिच्या आईनं.

"एक आहे की गुणाची," मी म्हटलं. "कशाला उगाच जीव धोक्यात घालायचा?"

तिनं मान हलवली. डोळे पुसले, माझ्या पाया पडली आणि पोरीचा हात धरून गेली.