सोडलेलं अक्षर

“ताई, आजचे पाच द्या.”

पॅकहाऊसच्या गाडीत चढल्या चढल्या मावशी हात पुढे करायच्या. हातात खोक्यांवर लावायचे पाच कोरे स्टिकर. मी तिथली क्लार्क, त्या द्राक्षाच्या घडांतले खराब मणी कात्रीने काढायच्या. मी प्रत्येकावर एक इंग्रजी शब्द लिहायची, खाली मराठीत उच्चार आणि अर्थ.

मावशींची कॅनडातली नात मे महिन्यात पहिल्यांदाच दिंडोरीला येणार होती. तिला मराठीचा गंध नव्हता, फोनवर ती ‘ग्रँडमा’ म्हणायची. ती येण्याआधी झेड गाठायचं, असा मावशींनी पण केला होता. चार दिवसांना एक अक्षर, आणि तेवढे दिवस बोलण्यात त्याच अक्षराचे शब्द. बीच्या दिवसांत मी ‘ब्यूटिफुल’ होते, सी लागल्यावर पुन्हा ‘क्लार्क’ झाले. संध्याकाळी ते स्टिकर त्यांच्या घरात कपाटावर, बादलीवर, भिंतीवर चिकटत.

एफला मी ‘फायर’ लिहिला. त्यांनी स्टिकर परत दिला.

“असला नको, ताई. चिकटवला का घरात येतो.”

“मावशी, शब्द आहे तो, पाहुणा नाही!”

त्याच दुपारी पॅकहाऊसमागे खोक्यांच्या ढिगाला आग लागली. सगळ्या बाया तिकडे धावल्या. मावशी कात्री धरून माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा तसला शब्द द्यायची माझी छाती झाली नाही.

एक्सला मात्र पंचाईत झाली. मला सुचला तो ‘एक्स-रे’.

“दवाखान्याचा नको. पन अक्षर सोडायचं लय भ्या वाटतं. सोडलेलं मागून चालत येतं.”

मला कामाची घाई. “काही येत नाही. चला, वाय घ्या,” मी म्हटलं.

वायच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या थुंकीत रक्त पडलं. नाशिकला नेऊन छातीचा फोटो काढला. परतताना फोटोचं पाकीट मांडीवर ठेवून त्या एवढंच बोलल्या, “आलं बघा, ताई.”

पंधरा दिवसांत मावशी गेल्या. झेड राहिलंच. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी ते ‘चला, वाय घ्या’ अजून टोचतं.

दहाव्याला मुलगा नातीला घेऊन आला. सात वर्षांची पोर घरभर फिरत एकेक स्टिकर मोठ्याने वाचत होती. मी तिच्या मागे होते. आतल्या खोलीत ती थबकली.

खिडकीच्या काचेला पाकिटातली ती फिल्म चिकटवलेली होती. मागून ऊन येत होतं आणि मावशींच्या बरगड्या लख्ख दिसत होत्या. खाली स्टिकर. पाकिटावरचं बघून काढलेली वेडीवाकडी अक्षरं, मावशींच्या हातची. सोडलेलं अक्षर त्यांनी भरून काढलं होतं.

पोरीने वाचलं, “एक्स-रे.” मग हळूच बरगड्यांवर तळहात टेकला.

“आजी,” ती म्हणाली.

दारात तिचा बाप उभा होता.

“ताई, हा शब्द हिला आम्ही कधीच शिकवला नाही.”