आईच्या गाण्याचा कागद

माझ्या बाबांनी जन्मभर क्लॅरोनेट वाजवलं आणि आमच्या घरात कुणी त्यांच्याकडून एक धड गाणं ऐकलं नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. बाबा एका सरकारी बँडात होते आणि तिथे ते सेकंड क्लॅरोनेट. बँडात प्रत्येकाला आपापला छापील कागद मिळतो, त्याला ते पार्ट म्हणायचे. ज्याच्या कागदावर चाल असते तो फर्स्ट. सेकंडच्या कागदावर चालीच्या खालून जाणारं, तिला टेकू देणारं काहीतरी असतं. सगळा बँड एकत्र वाजतो तेव्हा ते कानाला भरीव लागतं. एकट्याने वाजवलं तर ते कुठून निघालंय आणि कुठे चाललंय, काही पत्ता लागत नाही.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला फ्लॅट घेतला. वाद्य सरकारजमा झालं, म्हणून त्यांनी एक जुनं क्लॅरोनेट विकत आणलं. बँडाने जीर्ण झालेले पार्ट रद्दीत काढले होते, त्यातले आपले तेवढे मागून घेतले. पिवळे पडलेले, कडा झिजलेले, सगळे सेकंडचेच. सकाळी पाणी भरून झालं की हॉलमध्ये स्टँड उघडायचा, कागद लावायचा, परेडला असल्यासारखं ताठ बसायचं आणि सुरू. वरच्या मजल्यावरचे गुजराती शेठ जिन्यात भेटले की विचारायचे, "भाईसाब, रोज सुनता हूँ, इसमें गाना किधर है?" बाबा हसून म्हणायचे, "गाना दूसरे के पास है." माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. मी तशी पहिल्यापासूनच तोंडाळ.

आई तर चिडवण्यात कुणाला हार जायची नाही. "तुमचं वाजवणं म्हणजे बिनफोडणीचं वरण," म्हणायची. "फोडणी बँडातच ऱ्हायली." बाबांना त्याचंही काही वाटायचं नाही.

मग आईला दम लागायला लागला. आधी आम्ही जिन्याला दोष दिला, मग धुळीला. तेव्हा भाईंदरला जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा चढत होत्या, त्यामुळे धूळ काही खोटी नव्हती. पण डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, फुप्फुसं आकसत चाललीत, औषधाने जरा वेग कमी होईल, पहिल्यासारखं व्हायचं नाही. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ऑक्सिजनचा सिलेंडर आला आणि आईचा पलंगही तिथेच आणला.

एका सकाळी बाबा स्टँड उघडत होते, तेव्हा आई पलंगावरून म्हणाली, "आज माझं गाणं वाजवा."

आईचं गाणं म्हणजे तिच्या गावचं, कोकणातलं, भातलावणीचं गाणं. सासरी नांदणारी बाई भावाला सांगते, लावणी आटपली की मला न्यायला ये. भाऊ काही येत नाही. बस, एवढंच. बायका चिखलात ओणव्याने म्हणायच्या, आणि आई ते भाकऱ्या थापताना म्हणायची. तिच्या गावातही आता ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मला पहिल्या दोन ओळींच्या पुढे येत नव्हतं.

"आता माझ्यानं म्हणवत नाय," आई म्हणाली. "तुमी वाजवा. मरायच्या आधी नवऱ्याकडनं एक अख्खं गाणं ऐकू दे." ती हसत म्हणाली, पण तेवढ्या हसण्यानेही तिला धाप लागली.

बाबांनी विचारलं, "कागद कुठाय?"

माझा तोल गेला. "कागद कसला बाबा? लग्न झाल्यापासून ऐकताय ना तुम्ही? वाजवा की."

त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं. दोन सूर आले, तिसरा चुकला, मग बोटं जिथल्या तिथे थांबली. त्यांचे कान लाल झाले होते. "मला कागदाशिवाय येत नाही गं," ते म्हणाले. "कधी वेळच आली नाही." वरातीतल्या बँडवाल्यांना काल आलेलं सिनेमाचं गाणं आज बिनचूक येतं, आणि हा इतका शिकलेला वादक घरातलं गाणं वाजवू शकत नव्हता. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर भीतीच जास्त वाटली होती. आईकडे किती दिवस आहेत हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं.

बाबांचा विश्वास असा, की जे वाजतं ते कुठेतरी छापलेलं असतंच. शनिवारी मला घेऊन ते मुंबईत धोबी तलावाजवळच्या एका दुकानात गेले. भिंतभर छापील संगीत. पियानोचं, व्हायोलिनचं, चर्चमधल्या कॉयरचं, अख्ख्या ऑर्केस्ट्राचे पार्ट भरलेले जाडजूड लिफाफे. बाबांनी म्हाताऱ्या दुकानदाराला सरळ विचारलं, "भातलावणीच्या गाण्यांचं काही मिळेल? कोकणातलं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार मात्र हसला नाही. स्टुलावर चढून त्याने दोन पुस्तकं काढली. "फोक में हंगेरी का है, आयर्लंड का है," तो म्हणाला. "आपका तो किसीने छापा नहीं." बाबा बराच वेळ ते हंगेरीचं पुस्तक चाळत राहिले. त्यातही शेतात राबणाऱ्या बायकांची गाणी होती. मग त्यांनी सूर लिहायचे, पाच-पाच रेघा छापलेले कोरे कागद घेतले आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून आईने एकेक ओळ म्हणायची आणि बाबांनी ती पेन्सिलीने उतरवायची असं सुरू झालं. आई नाकात नळी ठेवूनच म्हणायची. आवाज असा राहिलाच नव्हता, पण चाल पक्की होती. बाबा एकेक ओळ चारचारदा म्हणायला लावायचे.

"काय वो, चौकीत जबानी घेताय काय?" ती वैतागायची.

"चूक नको राहायला," बाबा म्हणायचे.

मी ऑफिसला जाताना ती पहिली ओळ म्हणत असायची आणि संध्याकाळी विचारलं तर दुसरीवर आलेली असायची. मला वाटायचं, कसले हे सोपस्कार, हिचा जीव चाललाय. पण मधे बोलायची सोय नव्हती, कारण आई त्या दिवसांत खुशीत होती. नवरा समोर बसून तिचं ऐकत होता, हे तिच्या आयुष्यात नवीनच होतं.

कागद पूर्ण झाला त्या रविवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, स्टँड लावला आणि वाजवायला घेतलं. आमच्या घरात पहिल्यांदा चाल वाजली. आई उशीला टेकून बसली होती. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि बाबा थांबले. मला वाटलं, अडकले. पण त्यांचा पायाचा अंगठा हलत होता, ते मात्रा मोजत होते. पुढचा तुकडा वाजवला, पुन्हा थांबले. शब्दाच्या मधेच थांबले. मी मागून जाऊन कागद बघितला. जिथे तिथे रेस्टच्या खुणा होत्या. रेस्ट म्हणजे थांबा. बँडात तो सुराइतकाच चोख पाळावा लागतो, आणि बाबांनी आईच्या तोंडून जसा आला तसा प्रत्येक थांबा इमानदारीने लिहून काढला होता.

माझ्या लक्षात आलं तेव्हा आईच्याही आलं होतं. "अवो, हे गाण्यात नाय," ती म्हणाली. "हा माझा दम हाय. तुमी माझा दम लिवलात."

बाबांनी क्लॅरोनेट खाली ठेवलं आणि ते खोडरबर शोधायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. बाबांचा राग करायचा की त्यांना जवळ घ्यायचं, तेच मला कळत नव्हतं.

त्यांनी दुपारभर बसून सगळे रेस्ट खोडले. सोमवारी सकाळी गाणं सलग वाजलं. ते इतकं सुंदर गाणं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईचे ओठ सुरांबरोबर हलत होते. दुसऱ्या ओळीला ती मागे पडली. तिसऱ्या ओळीला तिने तोंड मिटलं आणि हात वर केला.

"थांबा की जरा," ती म्हणाली. "मला टाकून कुठं चाललात?"

बाबांनी पुन्हा पेन्सिल घेतली आणि खोडलेले रेस्ट परत लिहिले. पण आईचा दम काही रोज एकसारखा नव्हता. कालचा थांबा आज पुरायचा नाही. खोडून लिहून कागदाला भोकं पडायची वेळ आली. मग एके दिवशी बाबांनी स्टँड बाजूला सरकवला, खुर्ची पलंगाकडे वळवली आणि आईच्या ओठांकडे बघत वाजवायला लागले. कागदाकडे ढुंकूनही नाही. एक तुकडा वाजवायचा आणि क्लॅरोनेट तोंडातून न काढता थांबायचं. तिची छाती वर आली की पुढचा. जन्मभर दुसऱ्याच्या चालीखाली वाजवलेल्या माणसाला हे बरोब्बर जमलं. वरचे शेठ एकदा आमच्या उघड्या दारात येऊन उभे राहिले, काही विचारलं नाही, थोड्या वेळाने वर गेले.

गाण्याला रोज जास्त वेळ लागायला लागला. मी ऑफिसची गाडी चुकवायला लागले. पुढे पुढे आई मधेच झोपून जायची, आणि बाबा तसेच बसायचे. ती जागी झाली की त्याच जागेवरून पुढे. तिलाही ती जागा बरोबर ठाऊक असायची.

दिवाळीच्या आत आई गेली, हॉस्पिटलात. विहारातली माणसं आली, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. महिन्याभराने बाबांनी सकाळचं वाजवणं पुन्हा धरलं. तेच जुने परेडच्या मार्चचे पार्ट, सेकंडचे. मी आतून ऐकत राहायचे. मला वाटायचं, आज वाजवतील, उद्या वाजवतील. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "बाबा, आईचं गाणं वाजवा ना. कागद आहे, आता तर पाठही आहे."

त्यांनी मान डोलावली. कपाटातून तो कागद काढून स्टँडवर लावला, ओठ पुसले आणि पहिला तुकडा वाजवला. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. मग थांबले. मी वाट बघितली. बाबा पलंगाकडे बघत होते, तिथे आता आमच्या गाद्यांची वळकटी होती.

"पुढचं आठवत नाही का?" मी विचारलं.

"पुढचं येतंय गं," बाबा म्हणाले. "सुरू कधी करायचं, ते कळत नाही."