दत्ताच्या ताटावर माझी नजर

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या पाळीच्या स्वयंपाकाची पाहणी करत होते. तेच माझं काम. फोनवर त्याची बायको सुरेखा होती. "वन्सं, हे शेवंतीच्या वाफ्यात पडले... उठलेच न्हाईत." माहेरी, खुटबावला पोहोचेपर्यंत कुणाला कळवायचं, कुणी काय आणायचं, हे सगळं मी गाडीत बसूनच लावून टाकलं. रडू नंतर आलं. लाज तर त्याहूनही उशिरा आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दत्ता माझा धाकटा भाऊ. चाळिशी नुकती ओलांडलेला, काठीसारखा सडसडीत, पोटाला चिमूटभर चरबी नाही. दिवसभर फुलांच्या वाफ्यांत राबायचा. काही वर्षांपूर्वी दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कोलेस्टेरॉल फार वाढलंय म्हणून रोजची गोळी लिहून दिली. आमचे वडीलही तरुणपणीच छातीत दुखून गेले होते, पण तो दोष आम्ही तंबाखूला देऊन मोकळे झालो होतो. दत्ताच्या बाबतीत दोष जेवणाला द्यायचं मी ठरवलं. माणशी किती तेल लागतं हे मला झोपेतही सांगता येतं, त्यामुळे या विषयात मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. तूप, शेंगदाणे, खोबरं, तळण, सगळं बंद केलं. आणि वर म्हणाले, "गोळ्या ज्यांना तोंड आवरत नाही त्यांच्यासाठी असतात. तू पथ्य पाळ." त्यानं ऐकलं. गोळी सोडली, पथ्य धरलं.

पुढचा रिपोर्ट तसाच आला. मी त्याला फोनवर फाडून खाल्लं. "यवतच्या ढाब्यावर भजी कोण खातं मग?"

"आक्का, आईशप्पत, त्या वासावर बी गेलो न्हाई."

मी विश्वास ठेवला नाही. आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मला वाटायचं.

आमची शेवटची भेट एका लग्नात झाली. पंगतीत त्याच्या पानात जिलबी पडली आणि मी शेजारून हात घालून ती उचलली. चारचौघांत. तो हसून म्हणाला, "तू जकात नाक्यावर पायजे हुतीस, आक्का. एक ट्रक सुटला नसता." पंगत हसली, मीही हसले. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना. आप्पा, आमचे चुलते, म्हणाले, "आवडीचं काय ठिवलंय का? आक्के, तुला ठावं आसंल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला काय चालत नाही ते मी एका दमात सांगितलं असतं. काय आवडतं, ते आठवेना... शेवटी सुरेखा खालच्या आवाजात म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी. वरनं कच्चं तेल." कुणीतरी घरी पळालं.

नंतर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. सुरेखाला आणि मला समोर बसवून ते शांतपणे बोलले. यकृताच्या पेशींवर काही प्रथिनं असतात, ती रक्तातलं कोलेस्टेरॉल धरून आत ओढतात. दुसरं एक प्रथिन या धरणाऱ्यांना मोडीत काढतं. तसं ते सगळ्यांच्याच अंगात असतं, पण काही घराण्यांत जास्त जोर करतं. मग धरणारे कमी पडतात, कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात साचत जातं. जन्मापासून. तुमच्या घरात असंच काही असावं, ते म्हणाले.

मला कॅन्टीन दिसलं. उष्टी ताटं परत घ्यायच्या खिडक्या बंद पडल्या, तर स्वयंपाक कितीही कमी करा, ताटांचा ढीग दारापर्यंत येणारच. भाऊ बंद खिडक्या घेऊन जन्मला होता आणि मी त्याचा घास मोजत बसले होते.

"पथ्य पाळून भागलं नसतं का?" मी तरीही विचारलं.

"पथ्यानं थोडा फरक पडतो. पण त्यांना गोळी लागणारच होती, बाई."

माझा रिपोर्ट चांगला आला. मी तूप खाते, कारखान्यातला शिराही खाते. एकाच आईबापाची आम्ही दोघं. वाट्याला आलं ते त्याच्या. रिपोर्ट हातात घेऊन सुरेखासमोर बसायची लाज वाटली, म्हणून तो मी पर्समध्ये दुमडून ठेवला. दत्ताच्या मुलीचा, पूजाचा, रिपोर्ट मात्र बापासारखा आला. ती कॉलेजात आहे. तिला गोळी सुरू झाली.

गेल्या रविवारी खुटबावला गेले होते. जेवायला बसलो आणि पूजानं ताट उचललं, भिंतीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"अशी का बसलीस गं?"

"पप्पा आसंच बसायचे. तू आलीस की."

सुरेखानं मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो घरी असाच बसायचा आणि मला वाटायचं, त्याला तिथं वारा लागतो...

मी पूजाला एवढंच विचारलं, "गोळी घेतेस ना रोज?"

"घेते, आत्या."

मग मी माझं ताट उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तिच्या ताटात काय होतं, ते मी पाहिलं नाही.