ताये, विचारून लाव

सुषमाला जाऊन सव्वा महिना झाला, तरी माझा पाय एका जागी ठरत नाही. खाडीपर्यंत जाते, परत येते, तिच्या खोलीचं दार उघडते, लावते... माझी ही धाकटी बहीण इथेच, रत्नागिरीत, एका प्रयोगशाळेत माशांच्या अंड्यांवर काम करायची. "बाबा मासे आणतात, आई विकते, नि तू गाबोळी नुसती बघत बसतेस!" असं मी तिला छळायचे. एकदा तिने मला मायक्रोस्कोपखाली काचेसारखं अंडं दाखवलं. "जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात गो ताये. कुठलं, कुठे नि कधी चालू होतं, त्यावर डोळा होणार की काळीज ते ठरतं." तिने एका जनुकाला उजेडाने चालू होणारं बटण जोडलं होतं. अंडी काळोखात ठेवायची आणि हव्या त्या वेळी, हव्या त्या जागी निळ्या उजेडाचा ठिपका टाकायचा.

एका तिन्हीसांजेला मी डबा घेऊन गेले, तर ही तांबड्या मिणमिणत्या दिव्यात. त्या वेळी घरात काळोख ठेवला तर आमची आई घर डोक्यावर घेते. "काळोखात काय बसलीस गो?" म्हणत मी खटकन ट्यूब लावली. तिने झेप घेऊन ती बंद केली. अंड्यांच्या बशीवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "काय नाय झालं गो ताये. डब्यात काय?" मी खुशाल सांगितलं, बांगड्याचं तिखलं.

पुढे तिच्याच पोटात नको तिथे, नको तेव्हा गाठ वाढू लागली, आणि ती गेली.

सुतकाच्या दिवसांत तिची विद्यार्थिनी भेटायला आली. म्हणाली, "एकदा मॅडमच्या हातून चुकून ट्यूब लागली होती. दोन वर्षं वाढवलेल्या माशांची शेवटची अंडी होती. जनुक अंगभर चालू झालं, एकही पिल्लू जगलं नाही. मॅडमनी वरिष्ठांची केवढी बोलणी खाल्ली!"

मॅडमच्या हातून... मला सुषमाचा संतापच आला. चार शिव्या तरी घालायच्यास ना मला! माफी मागायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.

त्या मुलीने प्रयोगशाळेतल्या ट्यूबच्या बटणाजवळची एक काळी चिकटपट्टी जपून आणली होती. त्यावर खडूसारख्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'ताये, विचारून लाव.' "ही ताई कोण, ते मॅडमनी कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

पट्टी मी सुषमाच्या खोलीतल्या बटणावर लावली आहे. तिन्हीसांज होते, आई आतून ओरडते, "दिवा लाव गो!" माझा हात बटणापर्यंत जातो.

"सुषे, लावू?"