विभूतीची खूण

दुपारी भांडी पालथी घालून नीलांबिका मधल्या खोलीत चटई टाकते. सोमवारचा उपास, पोटात नुसतं ताक. संध्याकाळी लेकीची, शालूची, डायव्हिंगची निवड चाचणी आहे, म्हणून झोपायचं नाही, घटकाभर डोळे मिटायचे, एवढंच ती ठरवते. ओठांवर जप चालू असतो. मग जप पुढे जातो आणि ती मागे राहते.

समोरची बोळकांडी लांबत जाते.

ह्याच बोळकांडीत विरूपाक्षानं, तिच्या नवऱ्यानं, पोरीला उडीआधीची पावलं शिकवली होती. परसदाराचा उंबरा म्हणजे डायव्हिंगच्या फळीचं टोक. टोकाकडे पाठ करून पावलं टाकत मागं यायचं; जिथं थांबशील तिथून सुरुवात. तिथं त्यानं विभूतीचं बोट उमटवलं होतं. चालत यायचं, एक गुडघा वर घेऊन उसळायचं, दोन्ही पाय टोकावर आणायचे, फळी दाबायची, आणि ती वर देईल तोवर दम धरायचा. घाई केली की फळी रुसते, म्हणायचा.

काविळीनं तो गेला, त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून रोज लिंगपूजा झाली की बोटावर उरलेली विभूती नीलांबिका त्या खुणेला लावते. फरशी पुसते, खूण पुसत नाही. टँकवरच्या फळीवरही शालू त्याच मापानं उभी राहते, आणि हल्ली टोकाशी येऊन थबकते. खूण मागं घ्या, असं नवे सर म्हणाले होते. "असू दे सर, त्यांच्या हातची आहे," नीलांबिका हळूच म्हणाली होती. आज एकाच उडीला दोनदा थबकली, तर त्या उडीला शून्य.

फरशी आता पायाला खरखरीत लागते, फळीसारखी. आणि ती थरथरते आहे. कुणीतरी आत्ताच उडी घेतल्यासारखी. नीलांबिका कान देते. पाण्याचा आवाज येत नाही.

उंबऱ्यापलीकडे बेलाची कुंडी नाही. निळं पाणी आहे, खूप खाली. शेजारच्या काकूंची वाळत घातलेली लुगडी त्याच्यावर लोंबताहेत. उंबऱ्यावर विरूपाक्ष उभा आहे, तिच्याकडे तोंड करून, टाचा हवेत. केस ओले, पण थेंब गळत नाही.

"अहो, पडाल!"

"पडायचंच तर राहिलंय. जेवलीस का?"

"सोमवार आहे आज."

"असणारच की. उपास तुझा आणि साबुदाणा माझा!"

ती हसायला जाते, तर तोंडात टँकच्या औषधाची कडू चव येते.

"फळी कशानं हलतेय हो? उडी कुणी घेतली?"

"मीच. केव्हाची घेतलीय."

"मग?"

"पाण्याला लागलो नाही अजून." तो खुणेकडे बघतो. "रोज ती गिरवतेस. फळी थांबत नाही, पाणी जवळ येत नाही. किती दम धरू, नीलू?"

ती देवघरात उभी आहे. समईखाली पाणी हलतंय. मागून छोटी शालू चालत येते, आणि चालता चालता तिचे पाय लांब होतात, फ्रॉक आखूड होतो. उंबऱ्याशी ती थबकते. पायाची बोटं उंबऱ्याबाहेर, हवेत.

"बघितलंस? पाऊल लांब पडतं तिचं आता. तिथूनच निघाली तर टोकाच्या बाहेर जाईल. तिच्या पायांना कळतंय ते. भित्री नाही पोरगी."

"पण खूण तुमची आहे."

"माझी कशी? तिच्या पायाची होती."

"पाण्याचा आवाज आला की तुम्ही गेलात. मग मी विभूती कुठं लावू?"

"कपाळाला लाव की," तो म्हणतो.

तो तिच्या अंगावरून मागं जातो, गार वाऱ्यासारखा. तळपायानं खूण पुसतो आणि वाकून त्या जागेच्या मागं उजव्या हाताचा अंगठा दाबतो. फळी थांबते. खूप खालून, चूळ भरल्याएवढा, पाण्याचा आवाज येतो.

"आई, दार उघड की! किती वेळ ओरडतीय!"

नीलांबिका धडपडत उठते. बोळकांडीतून दाराकडे जाताना तिचा पाय थांबतो. जुन्या जागी नुसती स्वच्छ फरशी आहे. तिच्या मागं, वीतभर अंतरावर, विभूतीत उमटलेला अंगठा. तिरका. फळीच्या कडेला आपटून विरूपाक्षाचा अंगठा लहानपणीच वाकडा झाला होता. ती आपला अंगठा त्यावर धरून बघते. बसत नाही.

दार उघडताच शालू दप्तर टाकते आणि खाली बघते. "ही कुणी सरकवली?"

"पाय वाढलेत तुझे," नीलांबिका म्हणते. "ये, उभी राहा."

शालू एकदा आईकडे बघते. मग खुणेवर येते, श्वास घेते आणि निघते. पावलं, गुडघा, उसळी. दोन्ही पाय उंबऱ्यावर एकदम येतात. ती थबकत नाही. परसात धप्प होतं.

"आई, बरोबर आलं गं!"

नीलांबिकेच्या बोटाला विभूती लागली आहे. सवयीनं हात खुणेकडे निघतो. ती तो वर घेते आणि कपाळाला लावते.