स्टेडियममधला कुकारा

माझ्या हातून एक गुन्हा घडला होता, तो आधी सांगून टाकतो. गणपतीत पेणला बायकांच्या नाचाचा कार्यक्रम होता. त्यात माझी बायको नाचणार होती, म्हणून मी पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर सात मिनिटांचा व्हिडिओ काढला. हात जराही हलू दिला नाही. घरी येऊन मोठ्या ऐटीत तिला दाखवला. तिने तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "छान आलाय हो. शेजारच्या वहिनींना पाठवून द्या, त्या खूश होतील."

सात मिनिटं मी शेजारच्या वहिनींचा नाच टिपत होतो. माझी बायको मधूनमधून डाव्या बाजूने कोपरापुरती आत येऊन जात होती.

आता यात माझी चूक किती, हा वादाचा मुद्दा आहे. सगळ्यांना एकाच दुकानातली हिरवी लुगडी, एकाच मापाचे अंबाडे, एकाच टोपलीतली पिवळी फुलं. त्यात सगळ्या गोल फिरणार. नवऱ्याने ओळखायचं कशावरून? हे मी तिला विचारलंही. पुढचे चार दिवस आमटीत मीठ बेताचंच पडलं. मिठागरवाल्यांच्या घरातली लेक मीठ विसरत नसते, एवढं मला कळतं.

पुढे काही महिन्यांनी नाच बसवणाऱ्या बाई बातमी घेऊन आल्या. नवी मुंबईतल्या मोठ्या स्टेडियमवर देशाच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता. जिथे मोठमोठ्या गायकांचे कार्यक्रम होतात आणि तिकिटासाठी लोक रांगा लावतात, तेच ते स्टेडियम. सामन्याआधी पेण-रोह्याकडच्या दोनशे बायकांनी तिथे सुपं घेऊन गौरीचा नाच करायचा होता. दर रविवारी रोह्याच्या एका हॉलमध्ये सराव सुरू झाला. बायको आठवडाभर गुडघ्याला तेल चोळायची आणि रविवारी पोरीसारखी निघायची.

मी सावधपणे सुचवलं, "हातात लाल रुमाल वगैरे ठेवशील का? म्हणजे मला कळेल."

"बाईंनी मना केलाय. घड्याळ पन नाय चालत." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तीस वर्सं एका घरात ऱ्हायलो. येवढ्यात वळखता आलं पायजे. या वेळी मला बघा. नाय दिसले तर तसं सांगा, पन घरी येऊन खोटं कौतुक करू नका."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडून मोकळा झालो असतो. पण तिला खरंच वाईट वाटलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

सामन्याच्या दिवशी बायका पहाटेच पुढे गेल्या. आमची बस नंतर रोह्याहून सुटली, गडबला थांबली आणि पेणच्या रामवाडीला तिने आम्हाला घेतलं. बसमध्ये नुसते नवरे. नुसत्या नवऱ्यांनी भरलेली बस फार केविलवाणी असते. डबा कुठल्या पिशवीत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि फोन करून विचारायची सोय नव्हती, कारण बायकांचे फोनही बाईंनी जमा करून घेतले होते.

माझ्या एका बाजूला मेहुणा बसला, बायकोचा धाकटा भाऊ. तो अजून मिठागरावर काम करतो. दुसऱ्या बाजूला रोह्याचा माझा जुना मित्र. आम्ही कंपनीत एकाच शिफ्टला होतो, मग तो इलेक्ट्रिशियन म्हणून आखातात गेला आणि बरीच वर्षं राहून आला. त्याच्या घरचं कुणी नाचणार नव्हतं. तो फक्त फुटबॉल बघायला आला होता. अख्ख्या बसमध्ये तसा तो एकटाच, म्हणून सगळे त्याच्याकडे संशयाने बघत होते.

मेहुण्याला नवा श्रोता मिळाला की तो दोराची गोष्ट सांगतोच. मित्राला त्याने जितं गाव यायच्या आत सांगून टाकली.

ती गोष्ट अशी. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या माहेरी जायला खाडी ओलांडावी लागे. आता पूल आहे. तेव्हा अलीकडच्या बांधावर उभं राहायचं, दोन्ही हात तोंडाभोवती धरायचे आणि लांबलचक "कूऽऽ" करायचं. याला कुकारा म्हणतात. पलीकडे माझ्या सासऱ्यांची होडी असे. त्यांना ऐकू गेलं की ते होडीचा बांबू सरळ उभा धरत. बांबू उभा दिसला म्हणजे ऐकलं, येतो. मग पुन्हा ओरडायचं नाही. त्या गावात ज्याचा त्याचा कुकारा ओळखता येतो. मी वाढलो पेणच्या बाजारात, जिथे माणूस फार तर रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला हाक मारतो. माझा पहिला कुकारा ऐकून सासरे होडीत बसले ते दोर घेऊन. कुणाचं तरी रेडकू चिखलात रुतलंय अशी त्यांची खात्री झाली होती. बांधावर इस्त्रीच्या शर्टात होणारा जावई दिसल्यावर त्यांनी दोर पाठीमागे लपवला, पण होडीत हा मेहुणा होता, सात वर्षांचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

पुढे बायको माहेरी गेली की मी आणायला जायचो आणि तसाच रेकायचो. मग बांबू उभा करायला सासरे यायचे नाहीत. तीच यायची.

"अजून तसाच कुकारा घालतो?" मित्राने विचारलं.

"पूल झालाय," मी तोडून टाकलं.

स्टेडियमच्या दारावर तपासणी झाली. पाण्याच्या बाटल्या गेल्या, मेहुण्याची छत्री गेली. आकाशात एक ढग नव्हता, तरी छत्री का आणली हे त्याला सांगता येईना. पोह्याच्या भाजलेल्या पापडांचा डबा मात्र त्याने पोटाशी असा धरला होता की तपासणाऱ्या माणसाने दोनदा वाजवून पाहिला, नाइलाजाने एक पापड खाल्ला आणि जाऊ दिलं.

आत शिरलो. एवढी मोठी मोकळी जागा आणि तिच्याभोवती एवढ्या खुर्च्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्या जागा इतक्या वर होत्या की तिथपर्यंत पोचेस्तोवर तीन नवरे मधेच बसून घेते झाले. मित्र म्हणाला, "आपलं बरं हाय. मी तिकडं ज्या स्टेडियमात वायरिंग केलं ना, तिथं खुर्चीखालून थंड हवा येते."

मेहुणा खाली बघत होता. "येवढी सपाट जमीन," तो म्हणाला, "आनि नुसता गवत. साठेक वाफे पडले असते मिठाचे. पानी कुठून घ्यायचा तेवढा बघायला लागल." त्यानंतर तो बराच वेळ पाणी कुठून घ्यायचं तेच बघत होता.

गवतावर पट्ट्या अंथरल्या होत्या. बायका आल्या आणि लहान लहान गोल करून उभ्या राहिल्या. दोनशे हिरवे ठिपके. त्यांतला माझा कुठला, हे देवालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा मित्राने खिशातून आखाती दुर्बीण काढली. खेळाडू बघायला आणलेली. मी ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि एकेक बाई तपासू लागलो. पुढच्या रांगेतल्या गृहस्थाने मागे वळून पाहिलं. त्याची बायकोही खालीच होती आणि मी दुर्बिणीतून निवांत बायका न्याहाळत होतो. "माझीच शोधतोय," मी म्हणालो. "सापडली का?" त्याने विचारलं, आणि थोड्या वेळाने हळूच, "झाली की मला द्या."

तिसऱ्या गोलात ती मला सापडली. तीच मान, गुडघा जरा जपून टाकायची तीच रीत. मी उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवले. चांगली दोन-तीन मिनिटं हलवले. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं.

मेहुण्याने दुर्बीण घेतली, पापड खात खात बघितलं आणि म्हणाला, "भावजी, ती जित्याची हाय. तिच्या नवऱ्याला वळखतो मी."

मी खाली बसलो. मग पाचव्या गोलात एक सापडली, तेव्हा मित्र म्हणाला, "अरे भाय, ती आमच्या गल्लीतली. रोज सकाळी बघतो." मग सख्ख्या भावाला तरी सापडते का ते बघू, म्हणून दुर्बीण मेहुण्याकडे दिली, तर तो पुन्हा पाणी कुठून घ्यायचं ते बघू लागला. समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर बायकांचे चेहरे येत होते, पण ते इतक्या भरभर जात की बायको आहे म्हणेपर्यंत दुसरीच कुणी असायची. एकदा तर पडद्यावर मीच दिसलो, दुर्बीण डोळ्यांना लावलेला.

आणि गाणं संपलं. बायका जागच्या जागी थांबल्या, सुपं छातीशी धरून वाकल्या. बाईंनी सराव करून घेतल्याप्रमाणे त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. टाळ्या पडायच्या आधी एक शांतता असते, ती पडली. मला समजलं की आता त्या आत जातील, आणि घरी गेल्यावर ती विचारेल, आणि मला नाही म्हणावं लागेल.

मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कुकारा घातला.

तीस वर्षांत आवाज सुधारला नव्हता. उलट बिघडला होता. मधेच फाटला, मग वर चढला, मग नाकातून आला. आमच्या भागातली सगळी डोकी मागे वळली. खालच्या पायरीवरचा सुरक्षारक्षक कुणाला काय झालंय ते बघायला वर धावला. मेहुण्याच्या तोंडातला पापड तसाच राहिला.

तेवढ्यात समोरच्या बाजूने, पार पलीकडच्या टोकाहून, कुणीतरी ओरडलं, "आलोऽऽ!" कोण होता देव जाणे. कुठल्या तरी खाडीचा असणार. त्याला सवयीने राहवलं नसेल.

आणि खाली, दोनशे वाकलेल्या बायकांमधून, एक सूप सरळ वर गेलं.

सातवा गोल, डावीकडून चौथी. ती ताठ उभी होती आणि सूप दोन्ही हातांनी उंच धरलं होतं, बांबू धरायची तसंच. बाकीच्या सगळ्या वाकलेल्या. मी तिला बघितलं. दुर्बीण लागली नाही.

नंतर सामना झाला. कोण जिंकलं ते मित्राला विचारा. मी त्या सातव्या गोलाच्या रिकाम्या जागेकडे बघत होतो, आणि खेळाडू उगाच मधे येत होते.

सामना सुटल्यावर बसपाशी बायका भेटल्या. नाच बसवणाऱ्या बाई माझ्या बायकोला सगळ्यांसमोर झापत होत्या. एवढे सराव घेतले आणि ऐन शेवटी ओळ मोडली, सुपाचं काय मधेच. बायको मान खाली घालून ऐकत होती आणि पदराने तोंड पुसत होती. ती हसतेय हे मला लांबून कळलं. या वेळी मी बरोबर ओळखलं.

बायकांची बस सोडून ती आमच्या बसमध्ये चढली. मेहुण्याला तिने मागच्या सीटवर हाकललं आणि माझ्या शेजारी बसली. बस निघाल्यावर म्हणाली, "व्हिडिओ?"

"नाही काढला."

"का?"

"हात रिकामे नव्हते."

डब्यात एकच पापड उरला होता, तो तिने मोडून अर्धा मला दिला. जितं मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "हातात सूप होतं म्हनून. नायतर दोरच घेऊन येनार होते."