चक्कीवाल्या मावशींचा शेवटचा डाव

चक्कीवाल्या मावशी दळण दळताना चक्कीकडे पाहत नसत. त्यांची पाठ चक्कीकडे आणि तोंड व्हिडिओ गेमच्या मशीनकडे असे. कपाटाएवढी लाकडी मशीन, काचेमागे फुगीर पडदा, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. वरून रांगेने किडे उतरायचे, खालून आपण त्यांना गोळ्या घालायच्या. मावशी त्या किड्यांना ‘सोंडे’ म्हणत, कारण धान्यातले सोंडे त्यांना जन्मभर पुरले होते. धान्य संपत आलं की चक्कीचा आवाज बदलतो म्हणे. मला तो कधी ओळखू आला नाही. मावशींना मात्र ऐन लढाईत कळायचा. उजवा हात बटणावर ठेवून त्या डाव्या हाताने पुढचा डबा चक्कीत ओतायच्या.

“चक्की आयकू येते, खेय दिसते,” त्या म्हणायच्या. “कान एका कामाले, डोये दुसऱ्या. देवानं उगाच नाही देले दोन्ही.”

मशीन माझ्या बाबांच्या बरोबरीची असावी. अकोल्यातलं एक गेमचं पार्लर बंद झालं तेव्हा मावशींच्या नवऱ्याने ती वाशीमला आणली. दळणाला थांबलेल्या माणसांचा वेळ जावा, एवढाच हेतू होता. पुढे ते वारले. नाणं टाकायची फट मावशींनी पत्रा मारून बंद केली आणि शेजारी घराच्या बेलचं बटण बसवलं. डबा ठेवायचा, बेल दाबायची, एक डाव खेळायचा.

मी जिल्ह्यातल्याच मालेगाव तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. वाशीमला खोली करून राहतो, हाताने भाकरी थापतो, म्हणून दर आठवड्याला तीन किलो ज्वारी घेऊन मावशींकडे जायचो. पहिल्याच दिवशी मी, कुणी विचारलं नसताना, “मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे,” असं शुद्ध भाषेत सांगितलं.

“मंग बरंच झालं,” मावशी म्हणाल्या. “हे बटन अटकून राह्यलं. पाह्य बरं.”

मी खोलीवरून वही आणली. मागची फळी उघडून तासभर तारा पाहिल्या. वहीत एक आकृती होती, मशीनमध्ये दुसरीच होती. शेवटी मी म्हणालो की सर्किट जरा वेगळं वाटतं. मावशींनी बटण उपटलं, आतलं पीठ फुंकरीने उडवलं आणि परत बसवलं. बटण चालू झालं. “सर्किटात पीठ होतं,” त्या म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मला ‘इंजिनेर’ म्हणत, तेही चारचौघांत.

खेळातही मी असाच. किडा समोर आला की गोळी आत्ता मारावी की जरा थांबून, असा विचार मी करायचो आणि तेवढ्यात मरायचो. मावशी कपाळावर पिठाचा हात मारून घ्यायच्या. “काहून बे बापू, माराच्या आधी त्याईची परवानगी घेतं का तू?” मी हसायचो. पण वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी असाच थांबतो, हे त्यांना कसं कळलं, असं वाटायचं.

मावशी खेळताना कधीच गुण पाहत नसत. नजर वर गेली की सोंडे खाली येतात, असं त्यांचं म्हणणं. डाव संपला की मग त्या आम्हाला विचारायच्या, “किती झाले?” गुणांना सहाच आकड्यांची जागा होती. मावशी एकदा सात लाखांपर्यंत पोचल्या होत्या. “हे आकडे संपल्यावर काय होते, ते पाह्याचं हाय मले,” त्या म्हणत. “नवऱ्याले विचारलं तं तो म्हने, मशीन बोलते. त्यानं कधी पाह्यलं नाही. पन म्हने.” दर वेळी ऐन मोक्याला कुणाचा तरी हरभऱ्याचा डबा यायचा. हरभऱ्याला दोन्ही हात लागत.

मग पिठाच्या धुळीने त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी चक्की बंद करायला सांगितली. अमरावतीची लेक न्यायला येणार होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मशीन चढणार नव्हती, म्हणून ती सोमवारी भंगारात जायची ठरली. रविवारी मावशींनी मला बोलावलं.

“आज चक्की तू पाह्य. मी निस्ती खेयतो. ह्या चाकानं दगड जवय येतात, जास्त आवयू नोको.”

मी अभिमानाने फुगलो. चार-पाच दळणं नीट झाली. तीन तास मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्याऐवजी गुण मी पाहत होतो. आठ लाख झाले, नऊ झाले. तेवढ्यात गव्हाचा डबा घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, “पीठ जाडं पडून राह्यलं रे.” त्यांना नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. मी चाक आवळलं. त्यांनी पुन्हा चिमटीत पीठ पाहिलं. मी पुन्हा आवळलं.

जरा वेळाने जळका वास आला. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत पहिलीच सूचना आहे: जळका वास आल्यास प्रथम वीजपुरवठा तोडावा. या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी विचार न करता धावलो आणि गेमच्या मशीनची वायर उपटली.

पडदा आक्रसून एक ठिपका झाला आणि तोही गेला. चक्की मात्र चालूच होती. वास वाढतच होता.

मावशी वळल्या. पिठात बोट घातलं, झटक्याने काढलं आणि चाक सैल केलं. “गहू जयला, बापू. मशीन चांगली होती.”

“मावशे,” त्या बाई ओरडल्या, “ह्या पोट्ट्यानं तं पोया लाटाच्या आधीच भाजून देल्या!”

मावशी हसल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. त्या पोत्यावर बसल्या. “किती होते?”

“नऊ लाख शहाऐंशी हजार,” मी म्हणालो. “पुन्हा खेळा ना मावशी. मी कशालाच हात लावणार नाही.”

“आता नाही होत रे,” त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

सोमवारी मशीन टेम्पोत चढवताना मी एक कोपरा धरला. तेवढं काम मला न बिघडवता जमलं. दोन दिवसांनी मावशी अमरावतीला गेल्या. माफी मागायचं मी तीनदा ठरवलं होतं. बस सुटताना मी त्यांना “पाण्याची बाटली घेतली ना?” एवढंच विचारलं.

मागच्या महिन्यात मोबाइलवर मला त्याच खेळाचा एक व्हिडिओ सापडला. खेळणाऱ्याचे सगळे आकडे भरतात, त्याच्याही पुढपर्यंतचा. सांगावं की नाही, हे ठरवण्यात दोन दिवस गेले. मग फोन केला.

“मावशी, आकडे संपल्यावर काय होते ते पाह्यलं मी.”

“काय होते?”

“काहीच नाही. शून्य होते. पुन्हा पहिल्यापासून.”

“बोलत नाही मशीन?”

“नाही.”

 मागे लेकीच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता. सांगायला नको होतं, असं मला वाटू लागलं.

“म्हंजे खेयत राह्यली असती,” त्या सावकाश म्हणाल्या, “तं माह्यापाशी शून्य राह्यलं असतं.”

“मावशी, त्या दिवशी मी... माझी चूक झाली. तो गहू...”

“गहू त्या बाईचा जयला,” मावशी म्हणाल्या. “नऊ लाख माहे हायेत.”